कोवळ्या दीर्घिका आणि घाईच्या बातम्या

जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रं जुलै २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून 'विश्वातली सर्वांत जुनी दीर्घिका सापडली' ही बातमी दर काही महिन्यांनी येते आणि आधीची मानकरी मागं पडते. त्यावर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गणित आहे, पण वर्गमूळ काढणारा साधा कॅल्क्युलेटर पुरेल.

एका बातमीत 'जाडेस-जीएस-झेड१४-०' ही दीर्घिका १३.५ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे असं वाचलं, दुसरीत जवळपास ३४ अब्ज. खरं कुठलं? (बारावीची विद्यार्थिनी, जळगाव)

दोन्ही, पण ती वेगवेगळ्या गोष्टींची मापं आहेत. तिच्यापासून निघालेला प्रकाश १३.५ अब्ज वर्षं वाटेत होता, हा पहिला आकडा. त्या काळात मधली जागा प्रसरण पावत राहिली, त्यामुळे 'आज' ती जिथं असेल ते अंतर ३४ अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास भरतं, हा दुसरा.

दुर्बिणीनं थेट मोजलेली गोष्ट मात्र एकच असते : ताम्रसृती, म्हणजे झेड. प्रकाश निघाला तेव्हाच्या तरंगलांबीला (१ + झेड)नं गुणलं की आपल्यापर्यंत पोहोचलेली तरंगलांबी मिळते. या दीर्घिकेचा झेड १४.१८ आहे, म्हणजे तिच्याकडून येणारी प्रत्येक लहर १५.१८ पट ताणली गेली आहे. अंतर आणि वय हे त्यावरून काढलेले हिशेब.

वयाचा हिशेब तुम्हीही करू शकता. (१ + झेड)ला त्याच्याच वर्गमूळानं गुणा आणि १७.३ला त्या गुणाकारानं भागा. उत्तर अब्ज वर्षांत येतं. १५.१८ गुणिले ३.८९६ म्हणजे ५९.१, १७.३ भागिले ५९.१ म्हणजे ०.२९. महास्फोटानंतर सुमारे २९ कोटी वर्षं. हे सूत्र झेड ३च्या पुढे छान चालतं. त्याखाली वापरू नका, कारण अलीकडच्या काळात प्रसरणावर कृष्णऊर्जेचा (प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेचा) ताबा आहे आणि सूत्रात ती धरलेलीच नाही. झेड शून्य घातलात तर विश्वाचं वय १७.३ अब्ज येईल, खरं आहे १३.८.

या दीर्घिका शोधतात कशा? लाखो ठिपक्यांतून नेमका तोच ठिपका लांबचा, हे कसं कळतं? (भौतिकशास्त्राचे शिक्षक, कराड)

कुठल्या फिल्टरमध्ये ठिपका दिसतो यापेक्षा कुठल्या फिल्टरमध्ये तो *गायब* होतो, हे आधी पाहतात.

हायड्रोजनच्या अणूला दोन तरंगलांब्या महत्त्वाच्या. ९१.२ नॅनोमीटरहून आखूड प्रकाश त्याच्यातला इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि स्वतः संपतो. १२१.६ नॅनोमीटरचा प्रकाश (लायमन-आल्फा) तो शोषून कुठल्यातरी भलत्याच दिशेला फेकतो. झेड ३च्या आसपासच्या दीर्घिकेत कडा, म्हणजे प्रकाश अचानक तुटतो ती जागा, पहिल्या तरंगलांबीवर पडते. ९१.२ गुणिले ४ म्हणजे ३६५ नॅनोमीटर. जांभळ्यापलीकडच्या फिल्टरमध्ये दीर्घिका नाही आणि निळ्या-हिरव्यात आहे. १९९०च्या दशकात जमिनीवरच्या दुर्बिणींनी अशाच शेकड्यांनी दीर्घिका गोळा केल्या. झेड ६च्या पलीकडे मात्र वाटेतला अवकाशच उदासीन (इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या) हायड्रोजननं भरलेला होता. ताणला जाणारा प्रकाश १२१.६वरून सरकताना कुठं ना कुठं गिळला जातो आणि कडा १२१.६वर येऊन बसते.

आता वरची दीर्घिका घ्या. १२१.६ गुणिले १५.१८ म्हणजे १८४६ नॅनोमीटर, अर्थात १.८५ मायक्रॉन (हजार नॅनोमीटरचा एक मायक्रॉन). वेबच्या निअरकॅम कॅमेऱ्यात ०.९, १.१५ आणि १.५ मायक्रॉनच्या चित्रांत तिथं काहीच नसायला हवं. २.० मायक्रॉनचा रुंद फिल्टर साधारण १.७५ ते २.२३ असा पसरलेला आहे, म्हणजे कडा त्याच्या पोटातच पडते. तिथं ती अर्धवट दिसेल. २.७७पासून पुढे लख्ख.

निवड साधारण अशी होते. लांब तरंगलांबीच्या चित्रांत ठिपका गोंगाटाच्या (चित्रातल्या निरर्थक चढउतारांच्या) किमान पाचपट ठळक हवा. कडेच्या अलीकडच्या प्रत्येक चित्रात तो गोंगाटाच्या दुपटीखाली हवा. आणि कडेपलीकडचा रंग निळसर किंवा सपाट हवा, कारण कोवळे, धुळीविना उघडे तारे निळेच असतात. यातली दुसरी अट फसवी आहे. 'दिसत नाही' याला अर्थ तेव्हाच, जेव्हा आखूड तरंगलांबीचं चित्र पुरेसा वेळ घेतलेलं असतं. कडेअलीकडे एखादाच फिल्टर असेल किंवा त्याला उरलासुरला वेळ दिलेला असेल, तर त्या यादीकडे आम्ही संशयानंच पाहतो.

पुढची पायरी वर्णपटाची. वेबच्या निअरस्पेक उपकरणात सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत. हव्या त्या ठिपक्यांवरच्या उघडायच्या, बाकीच्या बंद. काही झडपा कायमच्या उघड्या अडकल्या आहेत आणि त्यांतून शेजारच्याचा प्रकाश तुमच्या वर्णपटात घुसतो, म्हणून मांडणी त्या टाळून करावी लागते. जाडेस-जीएस-झेड१४-०चा वर्णपट जानेवारी २०२४मध्ये जवळपास दहा तास घेतला, तेव्हा कुठं ती कडा निर्विवाद दिसली.

मग चुका होतातच कशा? (वाचक, नाशिक)

वरच्याच उदाहरणानं सांगतो. म्हाताऱ्या होत चाललेल्या ताऱ्यांच्या प्रकाशातही एक पायरी असते, ३६५ नॅनोमीटरच्या आसपास; तिला बामर कडा म्हणतात. १.८५ मायक्रॉनला कडा दिसली, तर ती झेड १४ची लायमन-आल्फा असू शकते किंवा झेड ४ची बामर! ०.३६५ गुणिले ५.०६ करून पाहा, उत्तर तेच येतं. फरक एवढाच की लायमन-आल्फाच्या अलीकडे प्रकाश शून्य होतो, तर बामरच्या अलीकडे तो निम्मा-तिसरा हिस्सा उरतो. अंधुक ठिपक्याचा तिसरा हिस्सा म्हणजे गोंगाटच, म्हणून तर दीर्घ वेळाची चित्रं लागतात. आपल्याच आकाशगंगेतले तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेले गोळे) हे दुसरे बहुरूपी. त्यांच्या वातावरणातला मिथेन आणि पाण्याची वाफ प्रकाशात असेच खड्डे पाडतात. ते तंतोतंत बिंदू दिसतात, दीर्घिका सहसा किंचित पसरट. पण लांबच्या दीर्घिका इतक्या चिमुकल्या असतात की हा आधारही नेहमी पुरत नाही.

तिसरा सापळा सर्वांत कावेबाज. २०२२मध्ये 'सीअर्स-९३३१६' या ठिपक्याचा झेड फिल्टरांवरून १६च्या पुढे निघाला आणि महास्फोटानंतर साडेतेवीस-चोवीस कोटी वर्षांतली दीर्घिका म्हणून तो गाजला. मार्च २०२३मध्ये वर्णपट घेतला, झेड निघाला ४.९. दीर्घिका धुळीनं भरलेली, म्हणून आखूड प्रकाश नाही. शिवाय तिच्या वायूच्या रेषा (एकेका ठरावीक तरंगलांबीवर एकवटलेला प्रकाश) जोरदार : ऑक्सिजनची २.९६ मायक्रॉनला आणि हायड्रोजन-आल्फा ३.८८ला. या रेषा लांबच्या जवळजवळ प्रत्येक रुंद फिल्टरमध्ये पडल्या आणि त्यांनी मिळून सपाट निळ्या प्रकाशाचं सोंग घेतलं. रुंद फिल्टर आपल्या पट्ट्यातल्या प्रकाशाची बेरीज सांगतो. ती एका रेषेतून आली की सगळ्या पट्ट्यातून, हे सांगत नाही. अरुंद, मध्यम पट्ट्याचे फिल्टर मध्ये घातले तर हे सोंग बरंचसं उघडं पडतं. त्याच मोहिमेत तपासलेली 'मेझीची दीर्घिका' मात्र ११.४वर ठाम राहिली.

वर्णपट हाती आला म्हणजे दशांशही पक्के झाले, असं समजू नका. जाडेस-जीएस-झेड१४-०चा झेड कडेवरून १४.३२ जाहीर झाला होता. दीर्घिकेभोवती दाट उदासीन हायड्रोजन असला तर कडा उभी न राहता उताराची होते आणि लाल बाजूला सरकल्यासारखी दिसते. २०२५मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा १.३४ मिलिमीटरला पकडली आणि झेड १४.१८वर आला. रेषेवरचा झेड हा कडेवरच्यापेक्षा नेहमी भरवशाचा.

बातमी वाचताना 'उमेदवार' किंवा 'प्रकाशमापनावरून' (म्हणजे नुसत्या फिल्टरांवरून) हे शब्द शोधा. असतील तर वर्णपट येईपर्यंत थांबायला हरकत नाही. २०२५मध्ये जाहीर झालेली 'मॉम-झेड१४' ही दीर्घिका (झेड १४.४४, महास्फोटानंतर २८ कोटी वर्षं) वर्णपटासह आली, म्हणून तिला मान.

दीर्घिका 'तरुण' म्हणजे नक्की किती वर्षांची? जुन्या काळातली म्हणजे तरुणच ना? (वाचक, नागपूर)

नाही. झेड ४ला थकलेल्या, तारे घडवणं थांबलेल्या दीर्घिकाही सापडल्या आहेत, आणि आजच्या काळात 'हिरवे वाटाणे' नावाच्या, आकाराला लहान पण धडाक्यानं तारे घडवणाऱ्या दीर्घिकाही आहेत. त्या २००७मध्ये गॅलक्सी झू या प्रकल्पातल्या हौशी मंडळींनी टिपल्या.

खरं माप असं : आहेत तेवढे तारे आत्ताच्या वेगानं पुन्हा घडवायला किती काळ लागेल? आपली आकाशगंगा वर्षाला सुमारे दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडवते आणि तिच्यात ५००० कोटी सूर्यांइतके तारे आहेत. दुप्पट व्हायला २५ अब्ज वर्षं लागतील, म्हणजे पोट भरून पडलेली गृहस्थ दीर्घिका. जाडेस-जीएस-झेड१४-०मध्ये साधारण ५० कोटी सूर्य आणि वर्षाला २०च्या आसपास नवे; अडीच कोटी वर्षांत दुप्पट. फरक हजारपट.

वेग दोन घड्याळांनी मोजतात. अवजड तारे भोवतीचा वायू पेटवतात आणि हायड्रोजन-आल्फा (६५६.३ नॅनोमीटर) दिसते, ते तारे लवकर मरतात, म्हणून ही रेषा गेल्या कोटभर वर्षांचा हिशेब देते. अतिनील प्रकाश त्याहून कमी वजनाच्या ताऱ्यांकडूनही येतो, त्यामुळे तो दहा कोटी वर्षांची सरासरी. रेषा अतिनीलच्या मानानं जास्त ठळक असेल तर दीर्घिका नुकतीच भडकली आहे. रेषा फिकी आणि अतिनील ठीक, तर भर ओसरला आहे. सुरुवातीच्या दीर्घिका अशा झटक्याझटक्यानं वाढताना दिसतात. अडचण व्यवहारातली : निअरस्पेक ५.३ मायक्रॉनपर्यंतच पाहतं, म्हणून झेड ७च्या पलीकडे हायड्रोजन-आल्फा त्याच्या हाताबाहेर जाते आणि मिरी या दुसऱ्या उपकरणाकडे जावं लागतं.

ताऱ्यांचं एकूण वस्तुमान हा यातला सर्वांत कच्चा आकडा. लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनपुढे समई दिसत नाही, तसे जुने लाल तारे कोवळ्यांच्या झगमगाटात हरवतात. दीर्घिकेची नोंद कितीही नेटकी असली तरी वस्तुमानाची जुळवणी दोन-तीन पटींनी इकडेतिकडे होऊ शकते.

इतक्या लवकर इतक्या तेजस्वी दीर्घिका सापडल्या म्हणजे महास्फोटाचा सिद्धांत कोसळला, असं फिरतंय. खरं आहे का? (वाचक, कोल्हापूर)

नाही. झेड १०च्या पुढे अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी दीर्घिका मिळाल्या हे मात्र खरं. चुकला तो अंदाज वायूचे तारे किती लवकर होतात याचा होता. विश्वाचं वय, पार्श्वभूमी-प्रारण (महास्फोटाची आजवर उरलेली ऊब), हलक्या मूलद्रव्यांचं प्रमाण यांना त्यानं धक्का लागत नाही.

खुलासे तीन-चार आहेत. एक, धूळ अजून साचलेली नाही, म्हणून प्रकाश सगळाच बाहेर येतो. दोन, वर सांगितलेली झटक्यांची वाढ : आपण जे भडकले आहेत तेच पाहतो, शांत असलेले यादीतच येत नाहीत. तीन, आम्हाला सर्वांत रोचक वाटतो तो वेळेचा खेळ. एरवी तारे घडू लागले की त्यांतले अवजड तारे अधिनवतारे होऊन फुटतात आणि उरलेला वायू उधळून लावतात, म्हणून वायूतला थोडाच भाग कामी येतो. पण पहिला स्फोट व्हायला तीसएक लाख वर्षं लागतात. त्या काळातला वायू इतका दाट होता, की घनसेंटिमीटरला तीनेक हजार अणू असतील तर ढग दहा लाख वर्षांतच कोसळून तारे होऊन मोकळा. फटाका फुटायच्या आत घर बांधून झालेलं! चार, काही प्रकाश ताऱ्यांचा नसून कृष्णविवरात पडणाऱ्या वायूचा असावा. जीएन-झेड११ या दीर्घिकेत (झेड १०.६) सुमारे १६ लाख सूर्यांच्या कृष्णविवराच्या खुणा आहेत असा दावा आहे, शिवाय नायट्रोजन अपेक्षेबाहेर जास्त. यांतला कुणाचा वाटा किती, हे दीर्घिकेगणिक बदलतं असं आमचं मत.

'लहान लाल ठिपके' हीसुद्धा कोवळी दीर्घिकाच का? (वाचक, डोंबिवली)

वेबच्या चित्रांत सापडलेले हे चिमुकले लालसर ठिपके बहुतेक झेड ४ ते ८मधले. अतिनीलमध्ये निळे, पुढे लाल, म्हणजे वर्णपट इंग्रजी व्ही अक्षरासारखा. हायड्रोजनच्या रेषा सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगानं रुंदावलेल्या. त्यामुळे मध्ये कृष्णविवर असावं असं वाटतं, पण क्ष-किरण जवळजवळ नाहीत. त्यांचा सगळा प्रकाश ताऱ्यांचा धरून काढलेली वस्तुमानं कुठं वाचलीत, तर ती बाजूला ठेवा.

आमच्या खोडदच्या जीएमआरटीला या दीर्घिका दिसतात का? (वाचक, नारायणगाव)

जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. वेबला दिसतात त्या दीर्घिका तिला दिसत नाहीत, आणि कारण गमतीशीर आहे. उदासीन हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झला बोलतो. त्याला १५.१८नं भागा : ९३.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट एफएम रेडिओच्या पट्ट्यात! जीएमआरटीचे सध्याचे पट्टे त्याच्या वरच सुरू होतात, आणि एकेकट्या दीर्घिकेचा संकेतही तिथवरून ऐकू येण्याजोगा नाही.

पण झेड १च्या आसपास, जिथं हीच रेषा ७१० मेगाहर्ट्झला येते, तिथं खोडदच्या ३० तबकड्यांनी मोठं काम केलं. तिथल्याही एकट्या दीर्घिकेचा आवाज गोंगाटात बुडतो. म्हणून पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी संस्थेतल्या संशोधकांनी ७६५३ तारे-घडवत्या दीर्घिका घेतल्या. प्रत्येकीचा झेड आधीच प्रकाशीय वर्णपटांवरून माहीत होता. प्रत्येकीची रेषा जिथं पडायला हवी तो तुकडा कापला, सगळे तुकडे एकमेकांवर बसवले आणि सरासरी काढली. गोंगाट संख्येच्या वर्गमूळानं घटतो, म्हणजे इथं सुमारे ८७ पट. झेड थोडा जरी चुकीचा असेल तर तुकडे एकावर एक बसत नाहीत आणि रेषा पसरून विरते. २०२०मध्ये उत्तर आलं : दीर्घिकेमागं सरासरी १२०० कोटी सूर्यांइतका अणुरूप हायड्रोजन. वाटतो भरपूर, पण तेव्हाच्या वेगानं तारे घडले तर एक-दोन अब्ज वर्षांत संपणारा. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून ताऱ्यांचा कारखाना मंदावला. दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या ऐन भरातला वेग आज दहाव्या हिश्श्यावर आला आहे, त्याचं हे मुख्य कारण दिसतं.

पुण्यातूनच आणखी दोन. आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीनं, ऑक्टोबर २०१६मध्ये २८ तासांहून अधिक काळ रोखून, झेड १.४२च्या एका दीर्घिकेतून निसटणारा आयनीकारक (हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उडवणारा) प्रकाश पकडला. निघताना त्याची तरंगलांबी ६० नॅनोमीटरच्या आसपास होती. आरसा जेमतेम ३७.५ सेंटिमीटरचा, पण पार्श्वभूमीचा गोंगाट फारच कमी. अशाच गळतीनं पहिल्या अब्ज वर्षांत सगळं हायड्रोजनचं धुकं फिटलं, म्हणून जवळच्या गळक्या दीर्घिका अभ्यासायच्या. आणि २०२५मध्ये एनसीआरएच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या चित्रांत 'अलकनंदा' दाखवली : झेड ४ला, महास्फोटानंतर दीड अब्ज वर्षांत, दोन नीटस सर्पिल भुजा, १००० कोटी सूर्य आणि वर्षाला साठेक नवे. इतक्या लवकर इतकी शिस्त अपेक्षित नव्हती.

घरी बसून यातलं काही स्वतः करता येईल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

येईल. वेबचे बरेच वर्णपट सार्वजनिक संग्रहात फुकट आहेत. सुरुवात झेड ५ ते ७च्या ठळक रेषांच्या दीर्घिकेनं करा. झेड १४चा वर्णपट पहिल्याच दिवशी उघडलात तर नुसता गोंगाट दिसेल.

तीन रेषांचं कुटुंब शोधा : हायड्रोजन-बीटा ४८६.३, ऑक्सिजनची जोडी ४९६.० आणि ५००.८ नॅनोमीटर. ऑक्सिजनच्या जोडीतली दुसरी पहिलीच्या तिप्पट ठळक असते. अणूच्या रचनेनं ठरलेलं हे प्रमाण दीर्घिकेगणिक बदलत नाही. समजा, रेषा ३.४०४, ३.४७२ आणि ३.५०६ मायक्रॉनला मिळाल्या. प्रत्येकीला तिच्या मूळ तरंगलांबीनं भागा. तिन्ही वेळा ७.०० येतं, म्हणजे झेड ६.००. एकीचं उत्तर वेगळं आलं किंवा जोडी तिप्पट-एकपट नसली, तर ओळख चुकली किंवा मध्ये खराब पिक्सेल आहे.

हमखास होणाऱ्या चुका दोन. प्रिझमचा वर्णपट घेतलात तर त्याची विभेदनक्षमता (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद) शंभराच्या घरातली, त्यामुळे ऑक्सिजनची जोडी चिकटून बऱ्याचदा एकच गाठ दिसते आणि तिचा मध्य कुठल्याच रेषेवर नसतो. हजाराच्या विभेदनाची जाळी (प्रकाश अधिक बारकाईनं पसरवणारी) वापरलेला वर्णपट निवडा. दुसरं, पाठ्यपुस्तकात ५००.७ लिहिलेलं असतं, ती हवेतली तरंगलांबी. वेब निर्वातात आहे, म्हणून ५००.८ घ्यायची. हवेतली घेतलीत तर झेड ६ला उत्तर ०.००२नं वाढतं. ते दिसायला क्षुल्लक, पण वेगात मोजलं तर सेकंदाला ऐंशीएक किलोमीटर, आणि वायू दीर्घिकेत येतोय की बाहेर चाललाय हा निष्कर्ष तेवढ्यात उलटा होऊ शकतो.